पाच आठवड्यांचे काम

१८५१ सालच्या एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या तारखेस कार्ल मार्क्सने लंडनहून मँचेस्टर येथे आपला मित्र फ्रीडरिश एंगेल्स यास एक पत्र लिहिले. अर्थशास्त्राचा अभ्यास आता पुष्कळ पुढे गेला आहे, आणखी पाच आठवड्यांत आपण या कटकटीतून मोकळे होऊ, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात आहे. एंगेल्सने दुसऱ्याच दिवशी उत्तर धाडले. काम फारच लांबले होते, आता ते संपत आले याचा आनंद वाटतो, असे त्याने कळविले. आणि मित्राचा स्वभाव ओळखून असल्यामुळे एक टोमणाही मारला. महत्त्वाचे वाटणारे एक जरी पुस्तक वाचायचे राहिले असले, तरी तू लिहावयास बसणार नाहीस, असा त्या टोमण्याचा अर्थ होता.

‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड हाम्बुर्ग येथील ओटो माइसनर या प्रकाशकाने १४ सप्टेंबर १८६७ रोजी प्रसिद्ध केला. प्रती काढल्या एक हजार. पाच आठवड्यांच्या कामास सोळा वर्षे आणि पाच महिने लागले, आणि तेही काम पुरते झालेच नव्हते.

या दिरंगाईची कारणे चरित्रकारांनी पुष्कळ सांगितली आहेत व ती खरी आहेत. लंडनमधील डीन स्ट्रीटवरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहत होते. १८५२ साली तान्ही मुलगी गेली, १८५५ साली आठ वर्षांचा एडगर गेला. पोटासाठी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्रात सुमारे दहा वर्षे लेख लिहावे लागले. पुढे अंगावर गळवे उठू लागली, ती इतकी की बसणेही मुष्कील व्हावे. १८६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिच्या बैठका, ठराव, पत्रव्यवहार हेही काम अंगावर आले. तथापि दारिद्र्य आणि दुखणी सोसून वेळेवर पुस्तके लिहून देणारे लेखक त्या काळी थोडे नव्हते. आमच्या मते, या सोळा वर्षांचे मुख्य कारण त्या विषयाच्या पोटातच होते. ते कारण आम्ही येथे पाहू इच्छितो. कारण ज्यास ज्यास म्हणून श्रमाच्या प्रश्नावर चार ओळी लिहावयाच्या आहेत, त्यास त्या अडचणीशी आज ना उद्या गाठ पडतेच.

अडचण अशी की, जगातील गोष्टी एकमेकींत गुंतून एकाच वेळी उभ्या असतात. लेखनात मात्र एका वेळी एकच शब्द पुढे सरकतो. मागावर ताण्याची हजारो सुते एकदम ताणलेली असतात आणि धोटा एका फेरीत बाण्याचे एकच सूत घेऊन जातो. तरीही कापड निघते, कारण ताणा आधी नीट लावलेला असतो. लेखकाचा ताणा लावून द्यावयास दुसरे कोणी येत नाही.

मार्क्सच्याच काळातील आणि आपल्याच मुलखातील एक उदाहरण घेऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला. गिरण्या थंडावल्या आणि हजारो कामगारांच्या घरी चुली पेटेनात. त्याच दिवसांत मुंबईच्या बाजारी कापसाचे भाव आकाशाला भिडले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस विलायतेस जाऊ लागला, मुंबईत सट्ट्याला ऊत आला, नवनव्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. अमेरिकेतला गुलाम, लँकेशायरचा विणकर, वऱ्हाडचा कुणबी आणि मुंबईचा सट्टेबाज यांनी एकमेकांस कधी पाहिले नव्हते; पण कापसाच्या एका गाठीला चौघेही बांधलेले होते.

आता ही हकीकत लिहा पाहू! आरंभ कोणापासून करावयाचा? सट्टेबाजापासून केला तर ती लोभाची कथा होते. लढाईपासून केला तर राजकारणाची होते. कुणब्यापासून केला तर भाव का चढले व का पडले हे सांगता येत नाही, आणि भावापासून केला तर कुणबी हरवतो. म्हणजे आरंभ निवडताच अर्ध्या अर्थाचा निकाल लागून जातो. विद्वान मंडळी यास मांडणीचा प्रश्न म्हणतात, जणू काही तो टाकटिपीचाच प्रश्न आहे. वस्तुतः दोष कोणाचा आणि उपाय कोणता, हेच त्यात ठरत असते.

मार्क्सला हा प्रश्न १८५७ सालच्या ऑगस्ट महिन्यात स्पष्टपणे समोर दिसला. त्या वर्षी व्यापारात मोठी मंदी आली. प्रलय येण्यापूर्वी निदान विषयाची रूपरेषा तरी हाती लागावी म्हणून आपण रात्ररात्र वेड्यासारखे काम करीत आहोत, असे त्याने डिसेंबरात एंगेल्सला कळविले. या झपाट्यात सात मोठ्या वह्या भरल्या. त्या वह्यांच्या अगोदर लिहिलेल्या प्रस्तावनेत तो विचारतो की, एखाद्या देशाच्या अर्थव्यवहाराचे वर्णन कोठून सुरू करावे. लोकसंख्येपासून करावे हे सरळ दिसते, कारण माणसे तर डोळ्यांसमोरच आहेत. पण वर्ग वगळले तर लोकसंख्या हा पोकळ शब्द होतो. मजुरी आणि भांडवल समजल्यावाचून वर्ग हाही पोकळ शब्द होतो. भांडवल समजावयास मूल्य, पैसा, किंमत समजावी लागते. म्हणून दिसणाऱ्या गोंधळातून एकेक पायरी उतरत अगदी साध्या कल्पनेपर्यंत जावयाचे, आणि मग तीच वाट पुन्हा चढत वर यावयाचे. वर पोहोचल्यावर भेटते ती तीच लोकसंख्या, पण आता तिचे सारे धागेदोरे हाती असतात.

कल्पना सुरेख आहे. पण त्या सात वह्या वाचणाऱ्यास काय आढळते? लेखक पैशापासून आरंभ करतो, भांडवलावर येतो, मध्येच पुरातन समाजांच्या जमिनीच्या मालकीकडे वळतो, यंत्राकडे जातो, पुन्हा मागे येतो. कारण अशा वह्या माणूस स्वतःसाठी लिहितो. १८५८ साली वही संपत आली तेव्हा कोठे त्याने अगदी शेवटी एक छोटे प्रकरण लिहावयास घेतले, आणि त्यात विक्रीसाठी निर्माण झालेल्या साध्या वस्तूपासून सुरुवात केली. आरंभ कोठून करावा याचे उत्तर वह्यांच्या शेवटी मिळाले, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. ज्यास लिहावयास बसण्यापूर्वीच आरंभ सापडतो, त्याने विषयाच्या तळाला हात लावला आहे की नाही याची शंका घ्यावी! या वह्या छापून निघाल्या त्या मॉस्कोस, १९३९ आणि १९४१ साली.

१८५९ साली बर्लिनमध्ये या विषयावरचे त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्यात दोनच प्रकरणे होती: एक वस्तूवर आणि दुसरे पैशावर. भांडवलाचा विचार पुढच्या भागासाठी ठेवलेला होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. विल्हेल्म लीबक्नेख्ट हा मार्क्सचा निष्ठावंत सहकारी. पण कोणत्याही पुस्तकाने आपली इतकी निराशा केली नाही, असे तोही बोलून गेला, आणि ते मार्क्सच्या कानी आले. लीबक्नेख्टचा दोष नव्हता. लढाईसाठी जमलेल्या माणसांच्या हाती तलवारीऐवजी लोखंडाच्या खनिजावरील प्रबंध पडला, तर त्यांनी काय म्हणावे? तर्कशास्त्रानुसार आरंभ बरोबर होता. वाचकाच्या गरजेनुसार तो आरंभच नव्हता.

आता १८६५ सालच्या जून महिन्याकडे वळू. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचा मर्मबिंदू तेथे आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मध्यवर्ती मंडळात जॉन वेस्टन नावाचे एक सभासद होते. ते मूळचे सुतार, ओवेनच्या विचारांचे आणि सरळ मनाचे गृहस्थ होते. मजुरी वाढवून घेण्यात कामगारांचा काहीही लाभ नाही, कारण मजुरी वाढली की मालक तेवढ्याच किमती वाढवितात. तेव्हा युनियनांची ही धडपड व्यर्थ आहे, असे त्यांनी मांडले. मजुरीवाढ मागणाऱ्यांना आजही हाच मुद्दा ऐकविण्यात येतो, फरक एवढाच की तो ऐकविणारे वेस्टन यांच्याइतके प्रामाणिक नसतात.

याला उत्तर देणे प्राप्त होते. पण उत्तर म्हणजे काय? मूल्य कशाने ठरते, मजुरी म्हणजे कशाची किंमत, नफा कोठून येतो, हे सगळे सांगितल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. अर्थशास्त्राचा सारा पाठ एका तासात दाबून बसविता येत नाही, पण होईल तेवढे करू, असे मार्क्सने मे महिन्यात एंगेल्सला लिहिले. जूनच्या २० आणि २७ तारखांना, दोन बैठकांत, त्याने आपला निबंध मंडळापुढे इंग्रजीतून वाचला. समोर शिंपी, चांभार, सुतार, गवंडी अशा धंद्यांतून पुढे आलेली माणसे होती.

आणि येथे चमत्कार पाहा. वह्यांतून आठ वर्षे वाट शोधणारा हा मनुष्य वस्तूपासून आरंभ करीत नाही. तो वेस्टन यांच्या विधानापासून आरंभ करतो. वेस्टन यांनी रश्श्याच्या वाडग्याचा दाखला दिला होता: वाडग्यात रस्सा ठरावीकच असेल, तर चमचे रुंद केल्याने तो वाढत नाही. मार्क्सने वाडगा तेथेच ठेवला आणि दाखविले की, त्या वाडग्यात देशाचे सगळे उत्पन्न आहे आणि कामगारांना जास्त मिळत नाही ते वाडगा लहान म्हणून नव्हे, त्यांच्या हातातले चमचे लहान म्हणून. श्रोत्यांच्या ओळखीच्या वस्तूवरून तो पुरवठा-मागणीकडे गेला, तेथून मूल्याकडे, मूल्यावरून श्रमशक्तीकडे, श्रमशक्तीवरून नफ्याकडे. आणि अखेर त्याने तीन कलमांचा ठराव ठेवला. मजुरी सर्वसाधारणपणे वाढली तर नफ्याचा दर उतरतो, वस्तूंच्या किमतींवर एकूणात परिणाम होत नाही. भांडवली उत्पादनाची ओढ मजुरी खाली नेण्याकडे असते. युनियन हे प्रतिकाराचे चांगले ठाणे आहे, पण मजुरीची व्यवस्थाच बदलण्याचे ध्येय सोडून रोजच्या चकमकीतच ती गुंतून राहिली तर ती अपुरी पडते. गुंतागुंतीचा एकही धागा तोडला नव्हता. आरंभ तेवढा ऐकणाऱ्याच्या प्रश्नावर आणून ठेवला होता.

मंडळातील काही सभासदांना हा निबंध छापावा असे वाटले. मार्क्स मात्र घुटमळला. मोठ्या ग्रंथातील पुष्कळ नवा विचार यात आटवून आला आहे, तो असा आधीच बाहेर काढणे बरे की नाही, असे त्याने २४ जूनच्या पत्रात एंगेल्सला विचारले. निबंध कागदांत राहिला. पुढे जुलैच्या ३१ तारखेस त्याने एंगेल्सला आणखी एक प्रसिद्ध पत्र लिहिले: आपल्या लेखनात उणिवा काय असतील त्या असोत, पण त्याचा गुण हा की ते कलाकृतीप्रमाणे एकसंध असते, आणि सगळे पुरे होऊन समोर असल्याशिवाय आपण काहीही छापखान्यात पाठवू शकत नाही. कामगारांपुढे वाचलेला तो निबंध त्याची मुलगी एलिनॉर हिने संपादून १८९८ साली छापून निघाला. लिहिल्यापासून तेहतीस वर्षे आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षे लोटली होती.

यात दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. संपूर्णाचा हट्ट नसता तर ‘भांडवल’ हा ग्रंथ झाला नसता, वीस-पंचवीस चांगली पत्रके झाली असती. पण दोन गोष्टींची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली, हे विसरता येत नाही. मधल्या तेहतीस वर्षांत कितीतरी संपांत वेस्टन यांचाच मुद्दा मालकांनी फेकला असेल, आणि त्याचे तयार उत्तर एका खणात पडून होते.

१८६७ चा ग्रंथ आला तोही अरुंद दारानेच. पहिले प्रकरण वस्तूवर, आणि तेच सर्वांत अवघड. छपाई चालू असतानाच एंगेल्सने कच्चे फर्मे वाचून कळविले की, ही मांडणी लहान लहान भाग पाडून व मथळे देऊन करावयास हवी होती. कुगेलमान या हानोव्हरच्या डॉक्टर मित्राचेही तसेच म्हणणे पडले. तेव्हा मार्क्सने शेवटी एक सोपे परिशिष्ट जोडले. पुस्तक निघाल्यावर त्याने कुगेलमान यांना कळविले की, तुमच्या पत्नीने कामाचा दिवस, सहकार्य व श्रमविभाग, यंत्रे आणि भांडवलाचा आरंभीचा संचय ही प्रकरणे आधी वाचावीत. म्हणजे स्वतः लेखकानेच वाचकाला दुसरे दार दाखविले.

या दुसऱ्या दाराने आत गेलेल्यास काय भेटते? कामाच्या दिवसावरचे प्रकरण पाहा. लेनर्ड हॉर्नर यांच्यासारख्या सरकारी कारखाना-निरीक्षकांचे अहवाल, भट्टीवर रात्रभर राबणारे पाववाले, आणि १८६३ साली लंडनच्या एका शिवणकामाच्या दुकानात सलग साडेसव्वीस तास काम करून मेलेली वीस वर्षांची मेरी ॲन वॉकली. मूल्याचा अवघड सिद्धान्त तेथेही आहेच. पण तो येथे घड्याळाच्या काट्यावर आणि माणसाच्या देहावर दिसतो. दुसऱ्या आवृत्तीत मार्क्सने सहा प्रकरणांची पंचवीस केली आणि त्यांचे सात भाग पाडले. १८७३ साली या आवृत्तीला जोडलेल्या लेखात त्याने स्वच्छ सांगितले की, शोधण्याची पद्धत वेगळी व मांडण्याची पद्धत वेगळी असली पाहिजे. शोधताना सामग्री बारकाईने हाती घ्यावी लागते. ते झाले की मगच मांडणी होते. आणि फ्रेंच आवृत्ती १८७२ ते १८७५ या काळात स्वस्त, लहान लहान ४४ हप्त्यांत निघाली, तेव्हा त्याने ती कल्पना उचलून धरली. कारण हप्त्याहप्त्याने पुस्तक कामगाराच्या हाती पडेल. भीती एवढीच की, पहिली अवघड प्रकरणे पाहून अधीर वाचक मागे फिरेल. सोळा वर्षे ज्याने संपूर्णाची वाट पाहिली, तो अखेर हप्त्यांवर राजी झाला. आम्हांस यात पराभव दिसत नाही, शहाणपण दिसते.

१४ मार्च १८८३ रोजी मार्क्स वारला. दुसऱ्या-तिसऱ्या खंडांची हस्तलिखिते एंगेल्सच्या हाती आली. ते अक्षर असे की, १८६२ साली रेल्वे कचेरीत कारकुनीसाठी केलेला मार्क्सचा अर्ज अक्षरापायीच फेटाळला गेला होता. पत्नी जेनी त्याच्या लेखांच्या सुवाच्य नकला करीत असे. तीही १८८१ साली वारली होती. एंगेल्स आजारी, कोचावर पडून मजकूर वाचून सांगे आणि लेखनिक उतरून घेई. दुसरा खंड १८८५ साली निघाला, तिसरा १८९४ साली. तिसऱ्या खंडाचे शेवटचे प्रकरण समाजातील वर्गांवर आहे. ज्या वर्गांपर्यंत पोहोचण्यासाठी १८५७ साली तो पायऱ्या उतरला होता, त्यांच्याशी तो परत येऊन ठेपला. आणि जेमतेम पानभर मजकुरानंतर हस्तलिखित तुटते.

त्याच १८८३ सालच्या जुलै महिन्यात पुण्यास जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. या दोघांस एकमेकांची वार्ता नव्हती. पण अडचण एकच होती. शेतकऱ्याचे दारिद्र्य एका कारणाचे नव्हते. धर्माच्या नावाची लूट, सारा, कोर्टकचेरी, सावकार, जंगलखाते, परदेशी माल आणि या सर्वांच्या बुडाशी अज्ञान, असे ते जाळे होते. जोतीरावांनी आरंभीच चार-पाच ओळींत कारणांची साखळी घालून दिली. मग पाच प्रकरणांत एकेक दुवा उकलला. आणि ग्रंथ पुरा होऊन छापून येण्याची वाट न पाहता त्यांनी तो पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ पत्राने पहिली दोनच प्रकरणे छापली व पुढे थांबविले. जोतीरावांचे लेखन थांबले नाही. हेच लोखंडे पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा स्थापन करतात. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्यासमोर लिहिलेले वाचावयाचे, ही जोतीरावांची रीत आणि १८६५ च्या जूनमधील मार्क्सची रीत यांत आम्हांस सख्खे नाते दिसते.

कामगारांच्या मागण्यांचे खलिते लिहिण्यात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांना हा इतिहास पुस्तकी वाटणार नाही. माणूस तक्रार घेऊन येतो ती पगाराची म्हणून. पण पगार कमी का, तर तो कंत्राटदाराच्या पटावर आहे. कंत्राटदार का, तर कायम जागा भरल्या जात नाहीत. त्या का नाहीत, तर नवे यंत्र आले आहे. आणि यंत्राचा वेग वाढल्यामुळे याच माणसाची बोटे धोक्यात आहेत. सगळे सांगावयास बसले तर साहेब म्हणतो, मुद्द्यावर या. मुद्द्यावर यावे, तर कागदावर ‘वेतनाबाबत तक्रार’ एवढेच उरते, आणि अशा तक्रारीला ‘विचाराधीन’ असा शेरा मारणे फार सोपे असते. गुंतागुंत लिहिता न येणे म्हणजे ती दुसऱ्याच्या सोयीने तोडली जाणे होय. म्हणून ही कला विद्वानांवर सोपवून आपले भागणार नाही.

या सोळा वर्षांतून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. सर्व धागे आपल्याला दिसेपर्यंत वह्या भरणे भाग आहे. त्यात घाई करू नये आणि त्याची लाजही वाटू देऊ नये. पण ती वही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपण ज्या वाटेने शोधले त्याच वाटेने वाचकाने यावे असा हट्ट नको. त्याच्या प्रश्नापाशी, त्याच्या वाडग्यापाशी जाऊन आरंभ करावा. सोपे करण्यासाठी धागा तोडू नये, त्याची पाळी येईपर्यंत तो हाती धरून ठेवावा. आणि संपूर्ण ग्रंथ होईल तेव्हा होवो; दोन संध्याकाळींचा निबंध दोन संध्याकाळी झाल्याबरोबर लोकांच्या हाती द्यावा. संप ग्रंथासाठी थांबत नाहीत.